पेनिसिलिनची पंगत

शिरूर आणि दौंड ही काही कुणी मुद्दाम पाहायला जाण्याची गावं नव्हेत. हवापालटाला माणसं महाबळेश्वरला जातात, पुण्य हवं असेल तर काशीला जातात, आणि दौंडला उतरतात ती गाडी बदलायला. मी या दोन गावांत मिळून अकरा दिवस राहिले. तयारी सहा दिवसांची केली होती. वरचे पाच दिवस कशात गेले ते सांगायला हे लिहिते आहे. देखावे थोडे आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. आमच्याकडून आसपासच्या तालुक्यांतल्या लहान दवाखान्यांना पेनिसिलिनच्या बाटल्या जातात, आणि आमच्याच हाताखाली शिकलेल्या मुली तिथं सिस्टर म्हणून जातात. लढाई संपल्यावर हे औषध पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आलं, तेव्हा मरायला टेकलेली माणसं चार दिवसांत उठून बसलेली मी पाहिली आहेत. आता दहा-बारा वर्षांत उलटं झालं होतं. बाटल्यांची मागणी दर महिन्याला वाढत होती आणि जखमा पूर्वीसारख्या भरत नव्हत्या. शिरूरच्या एका दवाखान्यात यावर काही तोड काढली आहे असं कानावर आलं. ती पाहायची, लिहून घ्यायची, आणि पुढं दौंडला जाऊन तशीच घडी बसवून द्यायची, असं काम वरिष्ठांनी माझ्यावर सोपवलं.

सामान यादीप्रमाणे घेतलं: एक ट्रंक, एक वळकटी, सहा पांढरी पातळं, तीन थर्मामीटर, एक कोरी वही. रांजणगावच्या थांब्यावर कुणीतरी माझ्या ट्रंकेवर गुळाची ढेप ठेवली, तेव्हा तीनपैकी दोन थर्मामीटर गेले. वहीत पहिली नोंद त्याचीच आहे.

शिरूर

फाल्गुन सरत आला होता. ज्वारी निघून गेली होती, शेतांत नुसती धसकटं, आणि गावाबाहेर कडब्याच्या गंजी. घोड नदीला पाणी होतं, पण बायका धुणं घेऊन पार मधल्या खडकांपर्यंत चालत जात होत्या, यावरून किती ते समजावं.

दवाखाना बारा खाटांचा. डॉक्टर जगदाळे पन्नाशीचे, उंच, बोलायला तुटक. कंपाउंडर करीमभाई. यांच्या घराण्याच्या सहा पिढ्या शिरुरात गेल्या. आजोबा अत्तरं विकत, हे औषधं देतात. तिसरं माणूस सखूमावशी, वॉर्ड झाडणारी. सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होती. मला वाटलं, म्हणजे आता पाहायला काही मिळणार नाही. सकाळी आठ वाजता फेरी सुरू झाली आणि माझा अंदाज चुकला हे कळलं.

पेनिसिलिनचं कपाट वॉर्डातच भिंतीला होतं. त्याची किल्ली करीमभाईंच्या कमरेला. फेरीला डॉक्टर, करीमभाई आणि सखूमावशी तिघंही खाटेच्या पायथ्याशी उभी. झाडूसकट. आमच्या पुण्याच्या वॉर्डात झाडूवाली डॉक्टरांची फेरी येताना दिसली तर दाराआड होते.

"याला सुई चालू करा," डॉक्टर चौथ्या खाटेपाशी म्हणाले.

"कशासाठी साहेब?" करीमभाईंनी विचारलं.

"ताप आहे."

"ताप कशाचा?"

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. मला वाटलं, आता उडतो भडका. एवढ्यात सखूमावशी म्हणाली, "त्याला हिवताप हाय साहेब. दुपार झाली की थडथड उडतंय, मंग घामानं चादर भिजती. परवा भिजली, काल कोरडी, आज बघा पुन्यांदा भिजंल. चादरी मी धुती, मला ठावं."

डॉक्टर हसले. "घ्या. डॉक्टर झाडू मारतोय आन् मी नुसत्या सह्या करतोय. क्विनीन द्या याला."

त्यांचे प्रश्न तीन होते, खडूनं कपाटाच्या दारावर लिहिलेले. कशासाठी? किती दिवस? बंद कधी? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय करीमभाई कुलूप उघडत नसत. पण एकदा उघडलं की मात्रा पुरी. पाव नाही, अर्धी नाही.

"आधी आम्ही पण मिठासारखं वापरत होतो," करीमभाई मला नंतर म्हणाले. "आलं पोतं की टाक चिमूट. मग एक बाळंतीण गेली आमच्या हातची. तिला द्यायला कपाटात एक बाटली नव्हती, बाई. सगळ्या खरूज-पडशाला गेलेल्या. त्या दिवशी मी किल्ली कमरेला बांधली. सहा महिने डॉक्टरसाहेब माझ्याशी बोलत नव्हते."

"सात," डॉक्टर पलीकडून म्हणाले.

हे सगळं ऐकायला गोड आहे, पण गावाला ते गोड लागत नव्हतं. नवव्या खाटेवर पोटदुखीचा एक पैलवान गडी होता. त्याला पथ्य आणि पुडी दिली. तो ओरडला, "सुई न्हाई म्हंजी काय दवाखाना हाय का धर्मशाळा? पान्याची तरी द्या की!" आणि दुपारी उठून चालू लागला. बाजारात एक सुईवाला बसतो, मागेल त्याला टोचतो. त्याच्या ओट्यावरची रांग आमच्या दवाखान्याच्या ओसरीपेक्षा लांब होती. मी स्वतः जाऊन पाहून आले.

जेवण तीन दिवस करीमभाईंच्या घरून आलं. हुलग्याची उसळ, ज्वारीची भाकरी, कांदा. पहिल्या दिवशी त्यांच्या बायकोनं निरोप धाडला, "बाईंना सांगा, भांडी नवी आहेत." मी उलट निरोप दिला, "जुनी असती तरी चाललं असतं. मीठ मात्र कमी आहे." दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर होतं आणि भांडी जुनी होती. शिरूरच्या आठवणींत मला ही सगळ्यांत आवडती आहे.

रस्त्यात

चौथ्या दिवशी दौंडची एसटी धरली. न्हावरं मागं टाकलं आणि गाडीचं चाक बसलं. दोन तास. सगळे उतरून एका लिंबाखाली बसलो. माझ्या शेजारी वडगाव रासाईचे एक म्हातारे बसले होते, फेट्याचं टोक तोंड पुसून पुसून काळं झालेलं. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी. आबा म्हणत सगळे त्यांना, मीही म्हणू लागले.

"खावा बाई," त्यांनी अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. "सुनंसाठी चाललोय घिऊन. आता इथंच उशीर झाला तर कडक व्हनार. कडक झाली तर ती बाकीच्यांस्नी वाटती, मऊ झाली तरी वाटती. म्हंजी काय, तिच्या पोटात जायची न्हाईच."

सून हौसाबाई. कडबा तोडताना कोयता घसरून नडगीत बसला होता. तिचा भाऊ दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला, म्हणून तिला शिरूरला न आणता दौंडच्या दवाखान्यात टाकलं होतं. पाचवा आठवडा चालू होता.

"पाच आठवडे?" मी विचारलं. "जखम भरली नाही अजून?"

"वाहती हाय. पर दवाखाना चांगला हाय, खोटं बोलायचं न्हाई. रोज सुई देत्यात. आन् तिथं दुजाभाव न्हाई बघा. पाटलाचा असू द्या न्हाईतर म्हारवाड्यातला, सुई सगळ्यांस्नी सारखी. मार्थाताई म्हंजी देवमानूस."

मार्था साळवे माझीच विद्यार्थिनी. नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, आठ वर्षांपूर्वी माझ्याकडून शिकून गेलेली, त्या तुकडीतली सगळ्यांत कष्टाळू. मला बरं वाटलं. वहीत लिहिलं: "दौंड. सिस्टरबद्दल लोकमत उत्तम. भेदभाव नाही." ती नोंद मी अजून खोडलेली नाही.

दौंड

दौंडला सगळ्यावर कोळशाची पूड बसलेली असते. दोरीवर वाळत घातलेलं पातळ संध्याकाळी राखी होऊन घरात येतं. भीमेच्या वाळूत मात्र कलिंगडाच्या वाड्या होत्या, आणि इतकी गोड कलिंगडं मी पुण्याच्या मंडईत खाल्लेली नाहीत. स्टेशनाकडचा भाग वेगळाच: पाव, अंडी, बंगल्यांवर फ्रॉकमधल्या मडमा, चहात बुडवलेली बिस्किटं. शिरुरात माणसं तुम्ही कुणाच्या विचारतात. दौंडात तुमची गाडी कधीची आहे ते विचारतात.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. सोळा खाटांचा वॉर्ड होता आणि इतका स्वच्छ वॉर्ड मी फार थोडे पाहिले आहेत. मार्थानं खिडक्यांना ओले पंचे लावले होते, काजळी अडवायला. ती धावत आली, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "अगं, तुमच्यात नमस्कार करतात का?" तर म्हणाली, "आमच्यात नाही, बाई. तुम्हाला करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिचा ट्रे निघाला. चार बाटल्या पेनिसिलिन आणि सोळा उकळलेल्या सिरिंजा.

मी आधी मोजलं, मग पुन्हा मोजलं. एक बाटली म्हणजे एका अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची एका दिवसाची मात्रा. मार्थानं प्रत्येक बाटलीत जादा पाणी घातलं आणि एकेक बाटली चार-चार सिरिंजांत भरली. अगदी रेघेला रेघ. मग पहिल्या खाटेपासून सुरुवात. पहिल्या खाटेवर दम्याचा म्हातारा, दुसऱ्यावर हात मोडलेला रेल्वेचा सांधेवाला, तिसऱ्यावर नुसताच अशक्त एक. सगळ्यांना सुई. लोक दंड उघडा करून वाट पाहत बसले होते, पानावर बसल्यासारखे.

पाचव्या खाटेवरच्यानं शेजाऱ्याची सिरिंज निरखून पाहिली. "मार्थाताई, गणप्याची रेघेच्या वर हाय. माझी रेघेला."

"बुडबुडा आहे तो, मामा," मार्था शांतपणे म्हणाली. तिनं सिरिंज उभी धरली, टिचकी मारली, बुडबुडा काढला. दोन्ही सारख्या झाल्या. मामांचं समाधान झालं.

अकराव्या खाटेवर हौसाबाई. पंचविशीची, तापानं ओठ फुटलेले. पट्टी सोडली तेव्हा नडगीचं हाड दिसलं आणि वासही आला. तिलाही तीच पाव सुई. पाच आठवडे, रोज.

मार्थाला मी औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. "मार्था, हे वाटप कुणी ठरवलं?"

तिला प्रश्न कळलाच नाही. "कुठलं, बाई?"

"एका बाटलीत चौघं. ज्याला गरज त्यालाही, ज्याला नाही त्यालाही."

"बाटल्या कधी चार येतात, कधी सहा. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही? कुणी म्हणायला नको की ख्रिस्ताव बाईनं आपलं-परकं केलं. आणि तुम्हीच शिकवलंत ना." तिनं टेबलाच्या वरच्या भिंतीकडे बोट केलं.

तिथं काचेच्या चौकटीत एक कागद होता. अक्षर माझं. जाणाऱ्या प्रत्येक तुकडीतल्या प्रत्येक मुलीला मी स्वतःच्या हातानं आठ नियम लिहून देत असे. पहिला हात धुण्याचा, दुसरा नोंदवहीचा, तिसरा उकळत्या पाण्याचा. चौथा असा होता: "वॉर्डात पंक्तिप्रपंच करू नये. जे एकाला ते सर्वांना."

तो नियम का लिहिला तेही सांगते. पूर्वी आमच्याच वॉर्डात गावकुसाबाहेरच्या वेटाळातल्या एका माणसाला दूध सगळ्यांच्या शेवटी आणि वरून ओतून देताना मी पाहिलं होतं. देणारी मुलगी चांगल्या घरातली होती. त्या दिवशी मी हा नियम केला. तो दुधासाठी होता, चादरीसाठी होता, बोलण्यासाठी होता. औषधासाठी नव्हता. पण तसं मी लिहिलं नव्हतं. मला ते लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण एवढं कुणालाही कळेल असं मी धरून चालले होते.

मार्थाला मी समजावलं. जंतू निम्मा मारून सोडला की तो निर्ढावतो. रोज थोडी थोडी सुई देऊन आपण त्याला औषधाची सवय लावतो. मग पुरी मात्रा दिली तरी तो दाद देत नाही. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पाच आठवडे मी तिला दिलं ते काय होतं मग, बाई?"

जादा दिवस

दौंडच्या वॉर्डाचे डॉक्टर सबनीस सकाळी तासभर येत. रजिस्टरात पहिल्या नावापुढं "इंजेक्शन चालू" लिहीत आणि खाली पंधरा नावांपुढं नुसती टिंबं. मी टिंबांवर बोट ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, एकाला सुई नाही दिली की दुपारपर्यंत स्टेशनावरच्या चहावाल्याला कळतं. तुम्ही आठवड्यानं पुण्याला जाल. मला इथंच राहायचंय. दोघी मिळून काय ते ठरवा, मी सही करतो."

"सही नको. उद्या आठ वाजता खाटेपाशी उभे राहा," मी म्हटलं.

राहिले. रागानं, पण राहिले. डॉक्टर, मार्था, कंपाउंडर आणि झाडलोट करणारी आया, चौघांना मी शिरूरसारखं पायथ्याशी उभं केलं. कशासाठी, किती दिवस, बंद कधी. सोळा खाटा संपायला दीड तास लागला. तेरा सुया बंद झाल्या. तीन उरल्या, त्यांत हौसाबाई पहिली. तिच्या जखमेतला पू मी कापसाच्या बोळ्यावर घेऊन, नळीत बंद करून, गाडीच्या गार्डाच्या हाती पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला.

मग वॉर्ड पेटला. सांधेवाला म्हणाला, "आमी काय सरकारचं घोडं मारलंय?" दम्याचे म्हातारे भिंतीकडे तोंड करून रडले. मामांनी भाकरी परत पाठवली. आणि ज्या मार्थाताईला ते देवमाणूस म्हणत, तिच्याकडे कुणी बघेना. "पुन्याची बाई आली आन् ताईला फिरवली," असं माझ्या देखत बोलत होते.

या सगळ्याला तोंड द्यायची माझी तयारी होती. नव्हती ती एकाच गोष्टीची. पूर्ण बाटली भरलेली सिरिंज घेऊन मार्था अकराव्या खाटेपाशी गेली, तर हौसाबाईनं हात ओढून घेतला.

"येवढी मला एकलीला?"

"तुला गरज आहे, हौसा."

"आन् ह्यांस्नी?"

"त्यांना नको आहे."

"त्यांस्नी नको व्हय? मामांनी सकाळधरनं पानी पन घेतलं न्हाई." तिनं दंडावर पदर घट्ट ओढला. "चार मानसांच्या तोंडचं काढून मी कशी घिऊ, ताई? उद्या मला ह्यांच्यातच बसायचंय."

आबांना बोलावलं. वाटलं, म्हातारा समजावेल. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "नगा बाई आसं करू. गावातली दोन मानसं हायती ह्या वॉर्डात. आबाच्या सुनंला चौघांची सुई दिली, आसं गावात गेलं तर मी पारावर बसू कसा?"

"तिचा पाय जाईल, आबा."

"पाय देवाच्या हातात हाय. तोंड मला दाखवायचंय."

पूर्ण एक दिवस गेला. शेवटी तोड काढली ती आयेनं. सुई बंद झालेल्या तेराजणांना नुसत्या ताकदीच्या औषधाची सुई द्यायची, हौसाच्या सुईबरोबर, त्याच वेळी, त्याच ट्रेमधून. मला हे पटत नव्हतं. रोग्यांशी ही सरळ लबाडी होती. माझ्या आठ नियमांतला सहावा खोटं न बोलण्याचा आहे. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सोळा दंड पुढं आले, सोळा सुया टोचल्या, आणि वॉर्डात पुन्हा हसणं सुरू झालं. मामांनी सिरिंज पाहिली आणि म्हणाले, "आज बुडबुडा न्हाई."

दोन दिवस हौसाबाईला पुरी मात्रा दिली. ताप एका अंशानंही उतरला नाही. राहिलेला एकच थर्मामीटर होता, म्हणून मला आधी त्याचाच संशय आला. मग पुण्याहून प्रयोगशाळेचं पत्र आलं: या जंतूवर पेनिसिलिन चालत नाही. नवीन जातीच्या कॅप्सूल मी तारेनं मागवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं त्या आल्याही. पण तोवर हाड सडलं होतं आणि विष रक्तात उतरू लागलं होतं. बाहेरून बोलावलेल्या सर्जननं पट्टी सोडली, पुन्हा बांधली, आणि गुडघ्याच्या वर बोटानं एक आडवी रेघ दाखवली.

दहाव्या दिवशी सकाळी पाय काढला. आबा बाहेर ओट्यावर बसले होते, मांडीवर फडक्यातल्या भाकरी. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "वाचली?" मी म्हटलं, "वाचली." मग त्यांनी फडकं सोडलं आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना अर्धी अर्धी भाकरी दिली. मलाही. मी खाल्ली.

मार्था सिरिंजा उकळत होती. पाठमोरीच तिनं विचारलं, "पहिल्या आठवड्यात पुरी दिली असती तर?"

मी खोटं बोलायला आले नव्हते. "बहुतेक पाय राहिला असता," मी म्हटलं.

तिनं पाण्यातल्या सिरिंजा चिमट्यानं एकेक काढून ट्रेमध्ये मांडल्या. सगळ्या एका ओळीत, सारख्या अंतरावर.

निघायच्या दिवशी मी हौसाबाईपाशी बसले. तिला भूल उतरून पुरतं भान आलं होतं. म्हणाली, "बाई, मार्थाताईला बोलू नगा. ती चार दीस जेवली न्हाई."

"चूक तिची नाही," मी सांगितलं. "तो नियम माझा होता. सगळ्यांना सारखं द्या, असं मीच तिला लिहून दिलं होतं."

हौसाबाईनं थोडा विचार केला. चादर जिथं सपाट झाली होती तिथं तिनं हात फिरवला.

"मंग नियम चांगलाच हाय की," ती म्हणाली. "आमच्याकडं कोन देतंय सारखं?"



परत आल्यावर

शिरूरचे तीन प्रश्न मी मोठ्या अक्षरात लिहून दौंडच्या कपाटावर लावून आले. डॉक्टर सबनीस फेरीला उभे राहतात असं मार्थाचं पत्र आहे. किती दिवस राहतील ते मी लिहिणार नाही. भिंतीवरची चौकट तिनं स्वतः काढली, काच पुसली आणि माझ्या हातात दिली. फेकवत नव्हती म्हणाली.

घरी येऊन ट्रंक यादीप्रमाणे उपसली. पातळं सहा, एक थर्मामीटर, वही भरलेली. चौकट यादीत नव्हती. ती टेबलावर ठेवली आणि नवी यादी करायला बसले: हा कागद मी आजवर कुणाकुणाला दिला. एकसष्ट मुली निघाल्या. बारामती, सातारा, संगमनेर, कराड, नाशिक, पार खानदेशापर्यंत. काहींची लग्नं होऊन आडनावं बदललेली. प्रत्येकीला कार्ड टाकलं. आधी कुणाला घाबरवू नये म्हणून एवढंच विचारलं: चौथा नियम तुझ्या वॉर्डात कसा काय चालतो ते कळव.

पहिलं उत्तर चौथ्या दिवशी आलं. अक्षर वळणदार, माझ्याच तालमीतलं.

"सा. न. बाई, तुमचं कार्ड पाहून फार आनंद झाला. काळजी नसावी. चौथा नियम आमच्याकडे आजही तंतोतंत पाळला जातो. औषध कितीही थोडं येवो, एकही रोगी सुईशिवाय राहत नाही. सगळे तुम्हाला दुवा देतात."